दारात उभे राहू नकोस, हे मुलाला कोणत्या तोंडाने सांगू?

पारसिकपलीकडचा

माझ्या मुलाला यंदा माटुंग्याच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला असून येत्या सोमवारपासून त्याचे वर्ग सुरू होत आहेत. काल संध्याकाळी डोंबिवली स्थानकात खिडकीसमोर रांग लावून आम्ही त्याचा पहिला पास काढला. परतताना पुलावर त्याने मला सहज विचारले, "बाबा, तुम्ही गाडीत कुठे उभे राहता?" गेली २३ वर्षे मी डोंबिवली ते घाटकोपर असा रोज प्रवास करतो आणि त्यातली निदान २० वर्षे मी दारात उभा राहिलेलो आहे. मुलाला मात्र मी "आत, पंख्याखाली" असे सांगितले. ते खोटे होते. रात्रभर ते मला टोचत राहिले, म्हणून हा धागा काढतो आहे.

दारात उभे राहू नका, ही उद्घोषणा आपण सगळेच रोज ऐकतो. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी वळणावर एकमेकांना घासले गेले, काही जण रुळांवर पडले आणि त्यांतल्या चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. तेव्हापासून दारातल्या माणसाबद्दल पुष्कळ बोलले गेले. कोणी त्याला बेफिकीर म्हटले, कोणी हौशी म्हटले. माझे म्हणणे असे आहे की सकाळच्या गाडीत दारात उभा असलेला बहुतेक माणूस तिथे उतरण्याच्या हिशोबाने उभा असतो, आणि तो हिशोब ज्याने कधी मांडला नाही त्याला दारातली गर्दी कळणार नाही.

कल्याणकडून येणारी जलद गाडी सव्वाआठच्या सुमारास डोंबिवलीत शिरते तेव्हा ती आधीच भरलेली असते. ती थांबते जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्या वेळात पाय टेकवायला जिथे जागा मिळाली, तीच आपली जागा. आत दोन बाकांच्या मधल्या पॅसेजमध्ये पुष्कळदा दोन माणसे सहज मावतील एवढी पोकळी दाराशी उभे राहूनही दिसते. मात्र तिथवर पोहोचायलाच ठाणे येते, आणि घाटकोपरला उतरायचे असेल तर ठाणे सुटले की लगेच परतीला लागावे लागते. "पुढे घाटकोपर का?" असे विचारत सुटायचे, समोरचा "नाही, दादर" म्हणाला की त्याच्याशी जागेची अदलाबदल करायची, बॅग डोक्यावर घ्यायची, एका पायावर वळायचे, आणि एवढे करून दारापर्यंत आलो तरी घाटकोपरला चढणारे लोक समोरून आत घुसत असतात. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी सहा वेळा घाटकोपर चुकलो. कुर्ल्याला उतरायचे, पूल चढायचा, उलटी गाडी धरायची आणि कार्यालयात उशिराची सही करायची. तिसऱ्या उशिराला अर्ध्या दिवसाची रजा कापली जात असे. त्या महिन्यानंतर मी आत जाणे सोडले.

माझ्या उजव्या तळहातावर करंगळीच्या मुळाशी एक घट्टा आहे. दाराच्या मधोमध असलेला खांब रोज तिथे घासतो. नव्या माणसाला वाटते की खांब बोटांनी धरायचा असतो. बोटे घामाने सुटतात. खांब कोपराच्या खोबणीत घ्यावा लागतो आणि मनगट आपल्याच शर्टाच्या दिशेने वळवून ठेवावे लागते. दिवा सोडल्यावर गाडी वेग घेते आणि मुंब्र्याच्या वळणावर मागच्या दहापंधरा माणसांचा भार एकाच क्षणी पाठीवर येतो. आपण झुकायचे ठरवलेले नसते, तरी झुकतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, खांब ओला असताना, माझा हात तिथे सुटला. माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाने माझ्या बॅगेचा पट्टा धरला आणि कळवा येईपर्यंत तो सोडला नाही. ठाण्याला तो उतरून गर्दीत मिसळला. मी त्याचा चेहरासुद्धा नीट पाहिला नाही. घरी हे मी आजवर सांगितलेले नाही.

गर्दीच्या वेळी एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ उभे प्रवासी, असे मोजमाप रेल्वेच्याच कागदोपत्री आहे आणि त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असे नाव आहे. एक चौरस मीटर म्हणजे घरातल्या कॅरम बोर्डापेक्षा थोडीशी मोठी जागा. सुमारे १,७०० प्रवाशांसाठी बांधलेल्या ९ डब्यांच्या गाडीतून साडेचार हजारांवर माणसे जात, म्हणजे डब्यामागे पाचशे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा तिच्या १४ डब्यांत मिळून ४०० पाहुणे होते. आज त्याहून जास्त लोक एका डब्यात उभे असतात आणि त्यांतल्या दारातल्या आठ जणांना आपण विचारतो की बाबांनो, तुम्ही आत का सरकत नाही.

तेव्हा जाणत्यांनी मला सांगावे: मुलाला मी काय सांगू? आत जा म्हणालो तर तो माटुंगा चुकेल. दारात राहा असे तर कोणताही बाप सांगणार नाही.

वसईकर

आपला प्रश्न आमच्या बाजूलाही तसाच्या तसा लागू आहे, फक्त स्थानकांची नावे बदलावी लागतील. विरारहून सुटणाऱ्या जलद गाडीत बोरिवलीला उतरू पाहणाऱ्या माणसाला दारावरचे लोक उतरू देत नाहीत, कारण तो बोरिवलीच्या गाडीने न येता विरारच्या गाडीत चढला, हाच त्यांच्या मते त्याचा गुन्हा असतो. संध्याकाळी चर्चगेटहून येताना तर बोरिवलीकराला विरार गाडीत चढायचीच चोरी.

वसईची पुष्कळ माणसे सकाळी आधी उलट दिशेला विरारपर्यंत जातात आणि तीच गाडी परत फिरताना बसून येतात. मी स्वतः ११ वर्षे असे करतो. रोज त्यात पाऊण तास जास्त जातो, महिन्याचा हिशोब केला तर एक अख्खा दिवस जातो, पण गुडघ्यांचे दुखणे सुरू झाल्यापासून मला दुसरा मार्ग राहिलेला नाही. आपल्या मुलाला कल्याणपर्यंत मागे जाऊन बसून येता येईल. पास मात्र कल्याणपासूनचा काढावा लागेल, हे लक्षात असू द्यावे.

निवृत्त सिग्नल

मी ३४ वर्षे सिग्नलच्या कामात होतो, म्हणून दोनतीन गोष्टी स्पष्ट कराव्यात असे वाटते.

आपण ज्या मुंब्र्याच्या वळणाबद्दल लिहिले आहे, ते जलद गाडीच्या वाट्याला २०२२ नंतर आले. त्याआधी जलद लोकल १९१६ सालच्या पारसिकच्या बोगद्यातून सरळ ठाण्याकडे जात. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून बोगदा मुख्यतः मेल-एक्स्प्रेससाठी राहिला आणि जलद लोकल कळवा-मुंब्रा मार्गे जाऊ लागल्या. निर्णय योग्यच होता, कारण लांब पल्ल्याच्या गाड्यांपायी लोकल अडून राहत. पण २० वर्षे बोगद्यातल्या सरळ रुळांना सरावलेल्या दारातल्या माणसाला वळण नवे होते. शरीराची सवय वेळापत्रकाबरोबर बदलत नाही.

दुसरे असे की "गाड्या वाढवा" ही मागणी रास्त असली तरी एका रुळावर दोन गाड्यांमध्ये तीन ते चार मिनिटांचे अंतर ठेवावेच लागते आणि गर्दीच्या वेळी ते आधीच भरलेले आहे. ते अंतर कमी करायचे तर सिग्नलची पद्धतच बदलावी लागेल, ज्याची तरतूद २०१९ साली मंजूर झालेल्या एमयूटीपी ३-अ या मुंबईच्या उपनगरी रेल्वे सुधारण्याच्या प्रकल्पात आहे. कुर्ल्यापासून सीएसएमटीकडे पाचवी-सहावी मार्गिका अजून झालेली नाही, त्यामुळे त्या टप्प्यात मेल गाड्या आणि जलद लोकल एकाच रुळावरून जातात. १५ डब्यांची गाडी हा एक खरा उपाय आहे, कारण त्यात रूळ तेवढाच लागतो आणि १२ डब्यांच्या गाडीच्या सव्वापट माणसे जातात; अडचण आहे ती फलाटांच्या लांबीची.

आता दाराविषयी. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम मार्गावर सुरू झाली. तिची दारे पूर्ण मिटल्याचा संकेत मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. मुंब्र्याच्या अपघातानंतर साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे जाहीर झाले, आणि आतल्या माणसांचा जीव घुसमटू नये म्हणून दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रणा आणि डब्यांतून डब्यांत जाण्यासाठी जोडमार्ग, अशी रचना ठरली. डब्यांमधला जोडमार्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज आपल्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते आणि शेजारच्या डब्यात माणसे मोकळी उभी असतात. मध्ये पत्र्याची भिंत असते. जोडमार्ग झाला तर गर्दी पाण्यासारखी पसरेल. परंतु दार मिटण्यासाठी आधी दारातल्या माणसांना आत जागा हवी, आणि प्रत्येक स्थानकावर दार मिटेपर्यंत जे सेकंद जातील ते मागच्या गाडीला जाऊन भिडतील. दारे आणि गाड्यांची संख्या या दोन गोष्टी एकत्रच सोडवाव्या लागतील.

मुलुंड पश्चिम

धागाकर्त्यांच्या लेखनातली कळकळ मला पोहोचली, तरीही मी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत नाही. दारातली सगळीच माणसे उतरण्याच्या हिशोबाने उभी नसतात. प्रत्येक जलद गाडीच्या ठरावीक डब्याच्या ठरावीक दारावर ठरावीक ग्रुप असतो. ते दादर किंवा सीएसएमटीपर्यंत जाणारे असतात, म्हणजे मधल्या स्थानकांवर उतरण्याची त्यांना कोणतीच घाई नसते, आणि तरी ते दार सोडत नाहीत. हवा मिळते, गप्पा होतात, आणि दार आपले आहे ही भावना असते. ठाण्याला चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला या ग्रुपने कोपराने मागे लोटलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच गाडीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी हेच लोक डब्याला झेंडूचे तोरण बांधतात, पूजा करतात आणि सर्वांना पेढे वाटतात, हेही मी पाहिले आहे आणि तो प्रसाद खाल्लेला आहे. म्हणून माणसे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. पण दार अडवणे ही गर्दीने लादलेली गोष्ट नाही, ती आपण करतो.

मुलाला एवढेच सांगा की दार हे येण्याजाण्यासाठी आहे.

सव्वाआठची

चर्चा पुरुषांच्या डब्यापुरती राहू नये म्हणून लिहिते. मी कळव्याहून भायखळ्याला जाते. कळव्याला जलद गाडी थांबत नाही आणि धिमी गाडी येते ती मुंब्र्यापर्यंत भरलेली. लेडीज डब्याच्या दारात बायकाही लटकतात, साडी नेसलेल्या, ओढणी घेतलेल्या, आठव्या महिन्यात असलेल्यासुद्धा. चढण्याआधी मी ओढणी कमरेला गुंडाळून तिला पिन लावते, केस वर बांधते आणि मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घालून त्यावर रुमाल खोवते. हे सगळे फलाटावर पुलाखाली उभे राहून रोज करते, आणि माझ्या बाजूला दहा जणी तेच करत असतात.

आमच्या डब्यात उतरण्याचा हिशोब आणखी वेगळ्या रीतीने चालतो. बसलेल्या बाईला पहिला प्रश्न असतो, "कुठे उतरणार?" तिने "विक्रोळी" म्हटले की ती जागा विचारणारीची झाली. तिच्याही मागे दुसरी नंबर लावून असते. चौथ्या सीटवर एक मांडी बाहेर ठेवून बसलेल्या बाईने सुद्धा आपली ती अर्धी सीट आधीच कोणाला तरी देऊन ठेवलेली असते. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण या नोंदीवहीत कोणी सहसा फसवत नाही. मला सातवा महिना असताना एका अनोळखी बाईने मुलुंडला स्वतः उठून मला बसवले आणि त्या दिवसापासून प्रसूतीच्या रजेपर्यंत ती माझी जागा राखत असे. गर्भवती स्त्रियांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. कोणाच्या घरी कोणी असेल तर तिला आवर्जून सांगा.

१९९२ साली पश्चिम मार्गावर पहिली संपूर्ण महिला गाडी सुरू झाली तेव्हा माझी आई बोरिवलीला राहत होती. त्या गाडीत बसून तिने भाजी निवडली, स्वेटर विणले, केळवणे केली. ती सांगते की त्या गाडीने तिला रोजची दीड तासाची झोप परत दिली. आमच्या बाजूला अशा चार गाड्या जास्त असत्या, तर कळव्याच्या बाईला दारात उभे राहावे लागले नसते.

दिवा पूर्व

मुलुंड पश्चिम यांनी लिहिले ते खरे आहे आणि ते आम्ही दिवेकर सर्वांत जास्त भोगतो. दिव्याला जलद लोकलचा थांबा २०१६ च्या डिसेंबरमध्ये मिळाला, तोही कितीतरी वर्षांच्या मागणीनंतर. थांबा मिळाला, पण दार मिळाले नाही. डोंबिवलीहून आलेल्या गाडीच्या दारावर जे उभे असतात ते दिव्याला हात आडवे करतात. "पुढची पकड" म्हणतात. पुढच्या गाडीवरही तेच. माझ्या धाकट्या भावाने अशाच एका सकाळी एक पाय पायरीवर आणि एक पाय हवेत ठेवून ठाण्यापर्यंत प्रवास केला, कारण आतले अर्धा फूट सरकले नाहीत. तो वाचला. त्यानंतर त्याने ती नोकरी सोडली आणि आता तो शिळफाट्याकडे एका गोदामात, जवळजवळ निम्म्या पगारावर काम करतो.

पारसिकपलीकडचा

दिवा पूर्व, तुमचे लिहिणे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

माझाही ग्रुप होता. २००९ ते २०१८ या काळात आम्ही नऊ जण एकाच गाडीच्या, एकाच डब्याच्या, एकाच दारावर असायचो. दिव्याला थांबा सुरू झाला तेव्हा आम्हीही हात आडवे केले. गाडी आधीच भरलेली आहे, आणखी माणूस घेतला तर आपलाच पाय सुटेल, असे आम्ही एकमेकांना सांगत असू, आणि ते काही अंशी खरेही होते. पण माझ्या पाठीमागे पॅसेजमध्ये दोन माणसांची पोकळी आहे हे मला रोज दिसत होते, तेही खरे आहे. मी त्या पोकळीत सरकलो असतो तर मला घाटकोपरला उतरता आले नसते. म्हणून दिव्याचा माणूस फलाटावर राहिला किंवा पायरीवर लटकला. माझा उतरण्याचा हिशोब दुसऱ्याच्या चढण्यातून वजा होत होता. ही बाजू मी मूळ लेखात लिहायला हवी होती आणि ती लिहिली नाही. तुमच्या भावाची मी क्षमा मागतो. तो माझ्याच दारावर होता की नाही, याने फरक पडत नाही.

मुलुंड पश्चिम, तुमचा मुद्दा मान्य आहे.

कायद्याची बाजू

मी रेल्वे दावा न्यायाधिकरणात वकिली करते. येथे अनेक जण कुटुंबासह वाचत असतील, म्हणून थोडी माहिती देणे माझे कर्तव्य समजते.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५६ नुसार छतावरून, पायरीवरून किंवा इंजिनावरून प्रवास करणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे अनेक कुटुंबांचा असा समज होतो की आपला माणूस दारातून पडला म्हणजे चूक त्याचीच, आता काहीच मिळणार नाही. हा समज चुकीचा आहे. त्याच अधिनियमातील कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून अपघाताने पडणे ही 'अनुचित घटना' असून, रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेच्या किंवा वेडाच्या भरात केलेली कृती आणि नैसर्गिक कारण किंवा आजार, एवढेच त्याला अपवाद आहेत. उघड्या दारात उभे राहणे हा फार तर निष्काळजीपणा होईल, पण ते या कलमातले गुन्हेगारी कृत्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे.

अर्ज सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत करावा लागतो. पडलेल्या माणसाजवळ पास किंवा तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. तरीही पास जवळ असेल तर कुटुंबाचे कितीतरी हाल वाचतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत बॅग एकीकडे आणि माणूस दुसरीकडे सापडतो. पास बॅगेत असतो, बॅग गाडीबरोबर पुढे जाते, आणि त्या माणसाची ओळख पटायलाच दोन दिवस लागतात. तेव्हा धागाकर्त्यांनी मुलाला सांगावे की पास आणि ओळखपत्र शर्टाच्या किंवा पँटच्या खिशात ठेवायचे. मोबाइलमध्ये पास असेल तर घरचा एक क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा.

वसईकर

वरील सूचनेत भर घालतो. दारात हातात मोबाइल धरू नये. रुळांशेजारी उभे राहून काठीने हातावर फटका मारणारे चोर असतात, आणि मोबाइल पडला की माणूस प्रतिक्षिप्तपणे त्याच्यामागे झुकतो. मोबाइल गेला तर जाऊ द्यावा.

मुलुंड पश्चिम

धागाकर्त्यांनी ज्या मोकळेपणाने लिहिले त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

एक गोष्ट राहून गेली. आपण सगळे गाडीबद्दल बोलतो आहोत, पण लाखो माणसांना एकाच दीड तासात एकाच दिशेने जायला भाग पाडणारी कार्यालये या चर्चेत कुठेच नाहीत. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या आणि इतर कार्यालयांनाही तशी विनंती केली. आमच्या कार्यालयात तो विषय निघाला तेव्हा वरिष्ठांनी तो ऐकून घेतला आणि पुढच्या बैठकीच्या कामकाजातून वगळला. तिसऱ्या उशिराला अर्धी रजा कापणे मात्र सगळीकडे चालू आहे. घाटकोपर चुकण्याची धास्ती त्या कापलेल्या रजेतून येते, आणि ती धास्तीच माणसाला दारात उभी करते.

निवृत्त सिग्नल

धागाकर्त्यांसाठी एक व्यवहारी सूचना. माटुंग्याला जलद गाडी थांबत नाही. मुलाने जलद गाडीने दादरला जाऊन परत फिरण्यापेक्षा डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या धिम्या गाडीने जावे. दहापंधरा मिनिटे जास्त लागतील, पण रिकामी गाडी फलाटाला लागते, आत शिरता येते आणि शीव सोडण्याआधी दाराकडे सरकायला पुरेसा वेळ मिळतो. सकाळचा प्रश्न तरी सुटेल. संध्याकाळी माटुंग्याला येणारी धिमी गाडी दादरहूनच भरून येते. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पारसिकपलीकडचा

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी काय झाले ते कळवतो.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलाबरोबर डोंबिवलीहून सुटणारी धिमी गाडी धरली. बसायला मिळाले नाही, पण आम्ही दोघे पॅसेजमध्ये, बाकांच्या मध्ये उभे होतो. इतक्या वर्षांत मी मुंब्र्याची खाडी डब्याच्या आतून, खिडकीच्या गजांमधून प्रथमच पाहिली. दिव्याला एक मुलगा दारात अडकला होता. मी मुलाला म्हणालो, "आपण आत सरकू," आणि आमच्यामुळे आणखी दोघे सरकले. कुर्ला सुटल्यावर त्याने समोरच्या काकांना विचारले, "माटुंगा का?" त्यांनी नाही म्हटल्यावर तो त्यांच्याशी जागा बदलून पुढे गेला, शीवला दारापाशी पोहोचला आणि माटुंग्याला नीट उतरला. पास त्याच्या खिशात होता, घरचा क्रमांक त्याच्या आईने एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. मी तिथून मागे फिरून घाटकोपरला गेलो.

संध्याकाळी मी त्याच्या आधी घरी पोहोचलो. तो आला साडेसातला, शर्ट भिजलेला, केसांना रुळांवरची धूळ. मी विचारले, "कुठे उभा होतास?" त्याने माझ्याकडे सरळ पाहून सांगितले, "दारात. दोन गाड्या सोडल्या, तिसरीतही आत जाता आले नाही. मुलुंडपर्यंत दारात होतो, मग ठाण्याला बरेच जण उतरले तेव्हा आत गेलो." मी त्याला खोटे सांगितले होते, त्याने मला खरे सांगितले. तेव्हा मीही सांगितले, २० वर्षे दारात असल्याचे, दिव्याला आडव्या केलेल्या हातांचे, मुंब्र्याला सुटलेल्या पकडीचे. त्याची आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ऐकत उभी होती, तिनेही ते पहिल्यांदाच ऐकले.

मग मी त्याला विचारले की खांब कोणत्या हाताने धरला होतास. त्याने उजवा हात पुढे केला. बोटांनी धरला होता, बोटांच्या पेरांवर लाल वळ होते. मी त्याला खिडकीच्या गजाशी नेले आणि कोपराच्या खोबणीत खांब कसा घ्यायचा, मनगट कसे वळवायचे, बॅग पाठीवर न ठेवता छातीवर का घ्यायची, ते करून दाखवले, आणि दिव्याला कोणी चढत असेल तर आधी कोणता पाय मागे घ्यायचा तेही दाखवले.